जंगलातले बारीक कण आणि ढग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडं पाऊस आणतात असं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात बाष्प येतं, म्हणजे मुळांनी पाणी ओढलं, पानांनी हवेत सोडलं, ते वर गेलं आणि ढग झाला. हे खरंय पण अर्धंच. ढग व्हायला बाष्पासोबत हवेत तरंगणारे बारीक कण लागतात आणि जंगल ते कणसुद्धा स्वतःच तयार करतं. या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरणं मुख्यतः अमेझॉन आणि फिनलंडची आहेत कारण या विषयावरचं खोलातलं काम तिथे झालंय, सह्याद्रीबद्दलही पुढे आहे.

ढगाला कण कशाला हवेत? हवा गार झाली की बाष्पाचं पाणी होतंच ना?

होतं, पण त्या पाण्याला बसायला जागा लागते. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात ते काचेचा पृष्ठभाग मिळतो म्हणून, आणि आकाशात अशी काच नसते, तिथे ते काम हे कण करतात. हवा एकदम स्वच्छ केली, एकही कण ठेवला नाही, तर आर्द्रता १०० टक्क्यांच्या कितीतरी पुढे, काही शे टक्क्यांपर्यंत न्यावी लागेल तेव्हा कुठे पाण्याचे रेणू आपले आपण एकत्र येऊन थेंब धरतील. खऱ्या ढगात आर्द्रता १०० च्या वर जेमतेम अर्धा-एक टक्का जाते, बऱ्याचदा तेवढीही नाही. म्हणजे कण नसते तर आपल्या ओळखीचे ढग झालेच नसते.

ही गोष्ट जुनी आहे. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये कुलिये यांनी आणि १८८० च्या सुमाराला स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन यांनी दाखवलं की हवा गाळून घेतली की बाटलीत धुकं होत नाही आणि साधी हवा आत सोडली की लगेच होतं. पुढे १९३६ मध्ये स्वीडनच्या हिल्डिंग केलर यांनी त्याचं गणित मांडलं. थेंब जितका बारीक तितकं त्याचं पाणी पटकन उडून जातं, पण त्यात काही विरघळलेलं असेल तर ते पाणी धरून ठेवतं. त्यामुळे कण किती मोठा आहे आणि तो पाण्याला किती धरतो या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. साधारण ५० ते १०० नॅनोमीटर किंवा त्याहून मोठा कण असेल तर तो ढगाचं बी होऊ शकतो, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुढे मी यांना ढगबीज म्हणणार आहे.

आणि ढगातला थेंब म्हणजे पाऊस नव्हे. ढगातला थेंब १०-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पावसाचा १-२ मिलिमीटरचा, त्यामुळे पावसाच्या एका थेंबासाठी ढगातले साधारण १० लाख थेंब एकत्र यावे लागतात. हे लक्षात ठेवा, धुराच्या प्रश्नाला लागणार आहे.

जंगलातून नेमकं काय काय हवेत जातं?

दोन प्रकारची सामग्री जाते. एक म्हणजे थेट कण. परागकण, बुरशीचे बीजाणू, बॅक्टेरिया, पानांचे आणि सालीचे बारीक तुकडे. हे आकाराने मोठे, एक मायक्रॉन ते अगदी शंभर मायक्रॉनपर्यंत, पण संख्येने कमी. बुरशीच्या बीजाणूंचं एकूण वजन वर्षाला सुमारे ५ कोटी टन असावं असा एक अंदाज आहे.

दुसरी सामग्री डोळ्यांना दिसत नाही कारण ती वायू म्हणूनच निघते. पानं सतत सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त, वायू सोडत असतात, त्यातला सगळ्यात मोठा वाटा आयसोप्रीनचा, जगभरातून वर्षाला सुमारे ५० कोटी टन, म्हणजे माणसाच्या गाड्या-कारखान्यांतून निघणाऱ्या अशा वायूंपेक्षा कितीतरी जास्त. त्याच्या पाठोपाठ मोनोटर्पीन, पाइनच्या जंगलाचा किंवा लिंबाच्या सालीचा जो वास येतो तो यांचाच. मग सेस्क्विटर्पीन, हे वजनाने कमी पण कण करायला फार पटाईत. ढगांच्या दृष्टीने ही दुसरी सामग्रीच जास्त महत्त्वाची, कारण संख्या इथून येते.

वास हा वायू आहे, त्याचा कण कसा होतो?

हवेतल्या ऑक्सिडेशनमुळे, म्हणजे रेणूला ऑक्सिजन जोडला गेल्यामुळे, होतो. पाइनमधल्या अल्फा-पायनीनचं उदाहरण घेऊ. हा रेणू पानातून बाहेर पडला की हवेतल्या ओझोनशी किंवा हायड्रॉक्सिल रॅडिकलशी (पटकन कशाशीही क्रिया करणाऱ्या कणाशी) त्याची गाठ पडते, त्यातून तो ऑक्सिजन घेतो, मग त्याच रेणूच्या आत हायड्रोजन इकडून तिकडे सरकतो आणि परत ऑक्सिजन घेतला जातो, परत सरकतो, परत घेतो, हे सगळं काही सेकंदांत. शेवटी इतका ऑक्सिजन चिकटलेला असतो की तो रेणू वायू म्हणून तरंगत राहूच शकत नाही, जे मिळेल त्याच्यावर चिकटतो आणि काहीच मिळालं नाही तर स्वतःसारख्याच दुसऱ्या रेणूंना धरून नवा कण सुरू करतो. असे रेणू जंगलाच्या वायूंमधून थेट तयार होतात हे २०१४ मध्ये फिनलंड आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी स्पष्टपणे दाखवलं, तोपर्यंत एवढे चिकट रेणू येतात कुठून हे कोडंच होतं.

नवा कण जन्मतो तेव्हा एक-दोन नॅनोमीटरचा असतो आणि ढगबीज व्हायला त्याला ५० च्या पुढे जायचं असतं. वाढीचा वेग तासाला काही नॅनोमीटर, म्हणजे जवळपास एक दिवस तरी टिकून राहायला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात बरेचसे बारीक कण मोठ्या कणांना धडकून त्यांच्यात मिसळून जातात. जे वाचतात ते ढगापर्यंत पोचतात. त्यामुळे नुसते कण जन्माला येऊन उपयोग नाही, त्यांना वाढवायला पुरेसे चिकट वायूही सतत मिळत राहावे लागतात, आणि जंगल ही दोन्ही कामं करतं.

झाडं हे वायू सोडतातच कशाला? त्यांना ढगांशी काय देणं-घेणं?

ढगांसाठी सोडत नाहीत. कडक ऊन आणि उष्णतेत पानाचं काम बिघडू नये म्हणून आयसोप्रीन मदत करतं, मोनोटर्पीनमुळे किडे दूर राहतात, काही वायू किडा पान खायला लागल्यावर सुटतात आणि त्या किड्याच्या शत्रूंना बोलावतात. झाड यासाठी खर्चही करतं, आयसोप्रीन सोडणारी झाडं कमावलेल्या कार्बनपैकी साधारण एक-दोन टक्के त्यात घालवतात. आयसोप्रीन पानात साठवलं जात नाही, उजेड असताना बनतं आणि अंधार पडला की थांबतं, तापमान वाढलं की वाढतं.

जंगलावर निळसर धुरकट दिसतं ते हेच का?

बऱ्याच ठिकाणी हो. अमेरिकेतल्या ब्लू रिज डोंगरांवर आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सच्या निलगिरीच्या जंगलांवर ते प्रसिद्ध आहे. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० मध्येच सांगितलं होतं की हे धुकं वनस्पतींच्या वायूंपासून तयार झालेल्या अतिसूक्ष्म कणांचं आहे, ते कण इतके बारीक की निळा प्रकाश जास्त विखुरतात. साधी निरीक्षणं आणि चांगला तर्क यांच्या जोरावर ते इतकं पुढचं बोलून गेले याचं मला फार कौतुक वाटतं.

वेंट यांच्या कल्पनेला आकड्यांची जोड मिळाली ती फिनलंडमध्ये. ह्यूतियाला नावाच्या ठिकाणी पाइनच्या जंगलात १९९५ पासून एक संशोधन केंद्र आहे, मार्कू कुल्माला आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षं दर थोड्या मिनिटांनी हवेतल्या कणांचा आकार आणि संख्या मोजतायत. वसंतात स्वच्छ ऊन पडलं की सकाळी एकदम हजारो नवे कण जन्माला येताना दिसतात आणि संध्याकाळपर्यंत ते हळूहळू मोठे होत जातात. एकाच जंगलात इतकी वर्षं चिकाटीने मोजत बसणं हे काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण या विषयातलं निम्मं शहाणपण तिथून आलंय.

सर्नमध्ये तर फिजिक्सचे प्रयोग होतात, तिथे जंगलाच्या ढगांचं काय काम?

जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या मोठ्या प्रयोगशाळेत क्लाउड नावाचा प्रयोग आहे, २००९ पासून. स्टेनलेस स्टीलची २६ घनमीटरची टाकी, आतली हवा जवळपास निर्मळ, तापमान हवं तेवढं ठेवता येतं, आणि अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा परिणाम बघायचा तर प्रवेगकातून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून, किरण सोडता येतात. म्हणून सर्न. बाहेरच्या हवेत इतक्या गोष्टी मिसळलेल्या असतात की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही, टाकीत एकेक गोष्ट घालून बघता येतं.

तिथला २०१६ चा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तोवर बहुतेकांचा समज होता की नवे कण सुरू व्हायला गंधकाम्ल लागतंच, आणि आजच्या हवेत ते मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून येतं. टाकीत नुसते अल्फा-पायनीनचे रेणू आणि ओझोन ठेवले तरी गंधकाम्लाशिवाय कण तयार झाले, आणि किरणांमुळे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले रेणू, असले तर वेग दहा ते शंभर पट वाढला. म्हणजे कारखाने नव्हते तेव्हाही जंगलं स्वतःच्या बळावर ढगबीजं तयार करत होती.

याचा अर्थ फार मोठा आहे. प्रदूषणाचे कण ढगांना जास्त पांढरं करून पृथ्वीला थोडं थंड ठेवतात आणि वॉर्मिंगचा काही भाग झाकतात. पण किती झाकतात हे काढायचं तर प्रदूषणाआधी, समजा १७५० मध्ये, आकाशात किती कण होते ते माहीत हवं. तेव्हा जंगलांमुळे आधीच बरेच कण होते असं धरलं तर प्रदूषणाचा थंडावा आपण समजत होतो त्यापेक्षा कमी निघतो, एका मॉडेलच्या अभ्यासात तो साधारण पाव हिस्स्याने कमी आला. जंगलातल्या पाइनच्या वासाचा हिशोब चुकला तर जगाच्या तापमानाचा हिशोब चुकतो, इतकं हे जवळचं नातं आहे.

सगळे अमेझॉनचंच नाव का घेतात?

कारण पावसाळ्यातल्या अमेझॉनची हवा जमिनीवरच्या सगळ्यात स्वच्छ हवांपैकी आहे. तिथे एका घनसेंटिमीटरमध्ये काहीशे कण असतात, आपल्या शहरात तोच आकडा दहा हजारांच्या पुढे सहज जातो. काहीशे म्हणजे दूर समुद्रावर असतात तेवढेच, म्हणून शास्त्रज्ञ त्याला हिरवा समुद्र म्हणतात. इतके कमी कण असले की प्रत्येक कणाला किंमत येते, थोडे वाढले किंवा घटले की ढगाचं वागणं बदलतं. आणि त्या काहीशे कणांतला बराच मोठा भाग जंगलाचा स्वतःचा असतो.

तिथे मनाऊस शहरापासून ईशान्येला साधारण १५० किलोमीटरवर ऐन जंगलात ३२५ मीटर उंच मनोरा आहे, आट्टो नावाचा. ब्राझील आणि जर्मनीने मिळून उभारला, उद्घाटन २०१५ मध्ये झालं. एवढ्या उंचीवर एका झाडापेक्षा शेकडो किलोमीटरच्या जंगलाची मिसळलेली हवा येते, तिथे वायू, कण, वारा सगळं मोजलं जातं. बाहेरून येणारे कणही तिथे ओळखू येतात, त्यात सहाराची धूळ आहे, चाडमधल्या बोदेले खोऱ्यातून सुटलेली धूळ अटलांटिक ओलांडून अमेझॉनपर्यंत जाते आणि सोबत फॉस्फरस नेते, जे तिथल्या धुपलेल्या मातीला खत म्हणून मिळतं.

अमेझॉनमध्ये जमिनीजवळ नवे कण बनतच नाहीत असं वाचलं, मग इतके ढग कसे?

हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात भारी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिळायला खूप वर्षं लागली.

फिनलंडमध्ये सकाळी जमिनीजवळ कण जन्मतात, अमेझॉनमध्ये तसं जवळपास दिसतच नाही. तिथे आयसोप्रीन प्रचंड, आणि ते हवेतले हायड्रॉक्सिल रॅडिकल वापरून टाकतं, वर त्याचे तुकडे मोनोटर्पीनच्या चिकट रेणूंची जुळणीही बिघडवतात. शिवाय हवा उबदार, त्यामुळे रेणू सहज उडून जातात. म्हणून बरीच वर्षं मत असं की आयसोप्रीन कण करण्यात अडथळाच आहे. २००४ मध्ये अमेझॉनच्या कणांत आयसोप्रीनपासून बनलेली संयुगं सापडली तेव्हा एवढं कळलं की ते आधीच असलेल्या कणांवर जमतं, पण ते मूळचे कण कुठले, हे राहिलंच.

२०१४ मध्ये अमेझॉनवर विमानातून केलेल्या मोजणीत धागा सापडला. जोराचा पाऊस पडतो तेव्हा ढगाबरोबर वरची थंड हवा खाली कोसळते आणि तिच्यासोबत बारीक कणांचा लोंढा जंगलापर्यंत येतो. पाऊस हवेतले कण धुऊन नेतो हे सगळ्यांना माहीत होतं, तोच पाऊस वरून नवे कण आणूनही देतो हे नवीन होतं.

मग वर कोण बनवतं? २०२२ च्या डिसेंबरपासून पुढचे काही आठवडे जर्मनीचं संशोधन विमान मनाऊसहून उडत होतं, १४ किलोमीटर उंचीपर्यंत. त्या मोजण्या आणि क्लाउडच्या टाकीतले उणे ३० आणि उणे ५० अंशांचे प्रयोग असे दोन शोधनिबंध २०२४ च्या शेवटी एकत्रच आले. त्यातून दिसलेली साखळी अशी आहे. दिवसभर साठलेलं आयसोप्रीन संध्याकाळी आणि रात्री गडगडाटी ढग पंप केल्यासारखं वर ओढून नेतात, तिथे ते रात्रभर टिकतं, विजांमुळे नायट्रोजनचे ऑक्साइडही तिथे तयार झालेले असतात, सकाळी ऊन आलं की आयसोप्रीनचं ऑक्सिडेशन सुरू होतं, आणि तिथली हवा एवढी थंड की जे रेणू खाली उडून गेले असते ते वर एकमेकांना चिकटतात. त्यातून कणांची प्रचंड संख्या होते, ते वाऱ्याने हजारो किलोमीटर जातात, हळूहळू खाली उतरताना वाढतात, आणि एखादा जोराचा पाऊस त्यांना परत जंगलावर आणतो, पुढच्या ढगांसाठी.

म्हणजे ज्या आयसोप्रीनला खाली अडथळा मानलं तेच वर जाऊन मुख्य कामगार ठरलं. जंगल, ढग, वीज, थंड आकाश आणि परत जंगल असं ते चक्र आहे, आणि त्यातला जंगलाचा तुकडा काढला तर बाकीचं चालू राहायला वायूच उरत नाही.

बुरशीचा यात काही मोठा रोल आहे का?

आहे, दोन बाजूंनी. पहिली म्हणजे बीजाणू बाहेर फेकताना बुरशी सोबत थोडा द्रवही फेकते, त्यात साखरेसारखी संयुगं आणि क्षार असतात. २०१२ मध्ये अमेझॉनच्या कणांचं क्ष-किरणांखाली निरीक्षण केलं तेव्हा बऱ्याच कणांच्या पोटात पोटॅशियमचे क्षार दिसले, आणि ते वनस्पती व बुरशीकडून आलेले असावेत असा निष्कर्ष निघाला. बाहेर सेंद्रिय थर आणि आत हा क्षार, म्हणजे ज्या बियांवर जंगलाचे वायू जमले त्यातल्या काही जंगलानेच पेरलेल्या. रात्रीची दमट हवा असली की बऱ्याच बुरशींचे बीजाणू जास्त सुटतात. दुसरी बाजू बर्फाची.

बर्फ? अमेझॉनसारख्या गरम ठिकाणी?

ढग वर गेला की तिथे हवा शून्याच्या खालीच असते, विषुववृत्तावरसुद्धा. पण शून्याखाली गेलं की पाणी लगेच गोठतं असं नाही, शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतात. त्याआधी गोठायला बर्फाचं बी लागतं आणि असे कण फार दुर्मीळ असतात. धुळीचे कण साधारण उणे १५ च्या खाली नीट काम करतात, पण स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा पानांवर राहणारा बॅक्टेरिया उणे २ ते उणे ४ अंशांतच पाणी गोठवतो, त्याच्या अंगावरच्या प्रथिनांची रचना बर्फाच्या जाळीशी जुळते म्हणून. स्कीइंगच्या मैदानांवर कृत्रिम बर्फासाठी हाच बॅक्टेरिया निर्जीव करून वापरतात. काही बुरशींचे बीजाणू आणि बर्च झाडाच्या परागकणांवरून सुटणारे रेणूही हे करतात.

एकूण बर्फात यांचा वाटा जगभराच्या सरासरीत लहान धरला जातो. पण फार थंड नसलेल्या ढगांत, जिथे धूळ अजून काम सुरू करत नाही, तिथे थोडेसे जैविक कणही पाऊस सुरू करून देऊ शकतात.

कण जास्त म्हणजे ढग जास्त, मग वणव्याचा धूरही चांगलाच की?

नाही, आणि हा गैरसमज खरंच धोकादायक आहे म्हणून सविस्तर सांगतो.

ढगात पाणी ठरावीकच असतं. कण कमी तर तेच पाणी थोड्या थेंबांत वाटलं जातं, थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून पटकन पाऊस होतो. कण खूप तर तेच पाणी असंख्य थेंबांत वाटलं जातं, सगळे बारीक राहतात, आदळले तरी जुळत नाहीत आणि पाऊस लांबतो. शिवाय अशा बारीक थेंबांचा ढग जास्त पांढरा दिसतो आणि ऊन परत फेकतो, हे शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडलं.

अमेझॉनच्या पावसाळ्यात काहीशे कण असतात ते कोरड्या महिन्यांत जंगल जाळलं जातं तेव्हा हजारो होतात. २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की धुराच्या ढगांत पाऊस खालच्या खाली सुरूच होत नाही, पाणी तसंच वर जातं आणि मग काही वेळा प्रचंड गडगडाटी ढग होऊन गारा आणि जोराचा पाऊस पडतो. म्हणजे रोजचा सौम्य पाऊस जातो आणि त्याच्या जागी मधूनच दांडगा पाऊस येतो. धुरात काजळी असते, ती ऊन शोषते, आजूबाजूची हवा तापते आणि कोवळे ढग विरूनही जातात. शिवाय धुराने जमिनीवरचं ऊन कमी झालं की बाष्प वर जाणंही मंदावतं. १९ ऑगस्ट २०१९ ला साओ पावलोमध्ये भर दुपारी अंधारल्यासारखं झालं होतं, थंड हवेच्या पट्ट्याबरोबर खूप लांबून आलेला धूर ढगांत मिसळला होता.

जंगल हळूहळू, थोडे थोडे, ओलाव्यासोबत कण सोडतं. वणवा एकदम लाखो कण सोडतो आणि ओलावा देणारं झाडच संपवतो. दोन्हीला नुसतं कण म्हणून एका रांगेत बसवणं मला अजिबात मान्य नाही.

जंगल तोडून तिथे एकाच जातीची लागवड केली तर? हिरवळ तर तेवढीच राहते.

वायू बदलतात. बोर्निओमध्ये मोजून बघितलंय, तेलताडाची लागवड मूळ वर्षावनापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडते. वर तिथे रस्ते, गाड्या, खतं आली की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात आणि दोन्ही मिळून जमिनीजवळ ओझोन होतो, जो फुप्फुसांना आणि पिकांनाही वाईट. शिवाय बुरशी, कुजणारा पालापाचोळा, वेगवेगळ्या जातींचे पराग ही सगळी विविधता जाते.

आणि पूर्ण तोडून कुरण केलं तर ढग गायब होतात का?

गायब होत नाहीत. अमेझॉनमध्ये उलट कुरणांवर दुपारी छोटे उथळ ढग जास्त दिसतात कारण जमीन पटकन तापते. पाऊस देणारे खोल ढग मात्र जंगलावर जास्त होतात. २०१२ मध्ये उपग्रहांच्या पावसाच्या नोंदी तपासल्या तेव्हा उष्ण कटिबंधातल्या ६० टक्क्यांहून जास्त जमिनीवर असं दिसलं की आधीचे काही दिवस दाट हिरवळीवरून आलेली हवा उघड्या भागावरून आलेल्या हवेपेक्षा किमान दुप्पट पाऊस देते. त्यातला मुख्य हात ओलाव्याचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कणांचा वाटा त्यातून वेगळा काढणं कठीण असतं.

सह्याद्रीच्या ढगांचं काय? तेही आपल्या जंगलामुळेच का?

आपल्याकडचा मोसमी पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याचा आणि त्याला अडवणाऱ्या घाटाचा आहे. जुलैमध्ये महाबळेश्वरला किंवा आंबोलीला जे ढग अंगावरून जातात त्यांच्या कणांत समुद्राच्या मिठाचा वाटा असतोच, त्यामुळे अमेझॉनचं सगळं जसंच्या तसं इथे लावू नका. पण घाटातली सदाहरित जंगलं, देवराया, ओला पालापाचोळा, बुरशी हे सगळं त्या हवेत आपली भर घालतंच.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात ढग तिथे जमिनीलाच टेकतात, त्यामुळे विमान न उडवता ढगाच्या आत बसून थेंब आणि कण मोजता येतात, अशी जागा देशात फार कमी ठिकाणी मिळते. केरळात मुन्नारला आयआयटी मद्रासच्या गटाने पावसाळ्यातल्या जैविक कणांच्या मोजण्या केल्यात.

ओलाव्याची बाजूही आहेच. आयआयटी मुंबईच्या २०१८ च्या अभ्यासात पश्चिम घाटाच्या झाडांनी सोडलेलं बाष्प तामिळनाडूच्या नैऋत्य मोसमी पावसातल्या ओलाव्याचा २५ ते ४० टक्के भाग देतं असं निघालं. घाट इकडे तोडायचा आणि पाणी तिकडे कमी पडायचं, हा हिशोब राज्यांच्या भांडणात कुणी धरत नाही आणि तो धरला जावा असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी ते मे दरम्यान डोंगरांवर लागणारे, आणि बरेचदा लावले जाणारे, वणवेही त्यातच आले.

कृत्रिम पाऊस पाडतात तो याच तत्त्वावर ना?

हो. थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड, जे बर्फाचं बी होतं, आणि उबदार ढगात पाणी ओढणारे क्षार. आयआयटीएमने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला प्रयोग केले, त्यात वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचं निघालं. पण ढग आधीच तयार पाहिजे, ओलावा पाहिजे. विमान कोऱ्या आकाशातून पाऊस काढू शकत नाही.

मग झाडं लावली की आमच्या गावात पाऊस वाढेल?

एका टेकडीवर लावून नाही. हे परिणाम शेकडो-हजारो किलोमीटरच्या सलग जंगलाचे आहेत. टेकडीवर झाडं जरूर लावा, माती धरायला, पाणी मुरायला, सावलीला, पण कुणी अमुक इतकी झाडं म्हणजे अमुक इतका पाऊस असं गणित सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. उभं असलेलं जुनं सलग जंगल राखणं हे नव्या रोपांपेक्षा ढगांसाठी कितीतरी मोलाचं.

तापमान वाढतंय तर झाडं जास्त वायू सोडतील, जास्त ढगबीजं होतील, म्हणजे वॉर्मिंग आपोआप आटोक्यात?

असा उलटा परिणाम आहे आणि तो २०१३ मध्ये बऱ्याच ठिकाणच्या नोंदींवरून दाखवलाही गेला. थंड प्रदेशातल्या जंगलांवर तो स्थानिक पातळीवर जाणवतो, पण जगाच्या सरासरीत फारच छोटा, कार्बन डायऑक्साइडच्या जोरासमोर तो टिकत नाही. आणि दुष्काळ किंवा अतिउष्णतेत झाडं कोमेजली की वायू सोडणंही कोलमडतं.

यातलं काही घरी बघता येतं का?

बीजाणू बघता येतात. बाजारातून ताजं धिंगरी मशरूम आणा, देठ कापून टोपी उलटी न करता, म्हणजे पापुद्र्यांची बाजू खाली ठेवून, काळ्या कागदावर ठेवा, वरून वाटी झाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर पापुद्र्यांच्या रेघांची पांढरट पावडर दिसेल, ते लाखो बीजाणू आहेत, एकेक काही मायक्रॉनचा, जंगलात हेच हवेत जातात. दमा किंवा ॲलर्जी असेल तर वाटी उघडताना मास्क लावा, आणि रानातली अनोळखी अळंबी या प्रयोगासाठी आणली तर ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि हात धुवा.